खळं सारवणार कोण?

गेल्या दिवाळीनंतर आमच्या वाडीत आणखी एका खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पेव्हर ब्लॉक बसले. लाल आणि करडे, नागमोडी. घरच्या पोराने हौसेने फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकला आणि तासाभरात मुंबईहून सुरू झालं. "वाट लावली." "कोकण संपलं." "सारवलेल्या खळ्याची सर ह्याला येणार आहे का?" एका भावजींनी तर रडके चेहरे ओळीने टाकले. ज्या काकींनी ते खळं जन्मभर सारवलं, त्या ग्रुपवर नाहीत. सुनेने वाचून दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "तेंका बोलूक काय जाता? सारवूक येवा म्हणा."

मी तेव्हा ग्रुपवर काही बोलले नाही. सगळे नात्यातले, गणपतीला एका पंगतीत बसायचं असतं. पण विषय डोक्यातून गेला नाही म्हणून इथे लिहिते. लांबलं आहे, चहा घेऊन बसा.

घाटावरच्या मैत्रिणींसाठी खळ्याबद्दल आधी सांगते. तुळस तिथे, पाहुण्यांच्या खुर्च्या तिथे, मे महिन्यात भिरंडाची (कोकमाची) सोलं, सुपारी, मिरच्या, कुळीथ सगळं वाळत तिथेच. लग्नाचा मांडवही तिथेच पडतो. आणि हे खळं दरवर्षी नव्याने करावं लागतं, हे फोटोत दिसत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्यात वरची माती धुपून जाते, गवत गुडघ्याला लागतं, खालचे दगड डोकं वर काढतात. भातकापणी आटपली की गवत खणून काढायचं, घमेल्यांनी माती आणून पसरायची, पाणी मारून सारखी करायची आणि मग चोपायला बसायचं. चोपणं म्हणजे मूठ असलेली जाड लाकडी फळी. उकिडवं बसून ते हाणत हाणत पुढे सरकायचं. एक कोपरा झाला की दुसरा, मध्ये पाणी शिंपडायचं, उन्हाने भेग पडली की पुन्हा चोपायचं. त्या रात्री भाकरी मोडतानाही हात थरथरतात.

मग सारवण. बादलीत शेण कालवायचं, फार पातळ नाही, फार घट्ट नाही. पाण्याचा अंदाज चुकला तर वाळल्यावर पापुद्रे सुटतात. हाताने अर्धगोल फिरवत मागे मागे सरकत जायचं, म्हणजे आपलंच पाऊल आपल्या सारवणावर पडत नाही. खळं मोठं असेल तर अर्धी सकाळ जाते. आणि हे एकदा करून सुटका नाही. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा, सणाला पुन्हा, कोंबड्यांनी उकरलं की पुन्हा. हे सगळं तुळशीच्या लग्नाच्या आत उरकायचं, कारण त्या दिवशी वाडीतलं प्रत्येक माणूस प्रत्येकाच्या खळ्यात जातो आणि कुणाचं खळं कसं झालंय हे चुरमुरे खात बघतो.

माती ओढायला पुरुष असतात. चोपायलाही एखादा बसतो. सारवणारा पुरुष मात्र मी अजून पाहिलेला नाही. तुमच्याकडे असेल तर फोटो टाका, फ्रेम करून लावीन.

आता शेणाचं. पूर्वी घरटी बैलजोडी होती, एखादी म्हैस होती. पॉवर टिलर आले, बैल गेले. गुरं राखायला माणूस उरला नाही, गायी गेल्या. गोठ्यात आता सरपण आणि मोटरसायकल. सारवायचं तर दुसऱ्या वाडीत बादली घेऊन जायचं आणि तिथल्या बाईची मनधरणी करायची. काकींचा दुसरा प्रश्न हाच होता: "गोठ्यात ढोरां नाय, शेण काय बाजारातसून हाडतलंय?" (गंमत म्हणजे शेणाच्या गोवऱ्या आता ऑनलाइन मिळतात, चकचकीत पाकिटात. ओलं शेण अजून कुरिअरने येत नाही.)

तेव्हा काकींच्या वयाला, त्या गुडघ्यांवर, गोठा रिकामा असताना, सुनेची नोकरी तालुक्याला असताना, पेव्हर ब्लॉक हा त्या घरातल्या दोन बायकांनी ठरवून घेतलेला निर्णय होता. पैसे मुलाने दिले, हट्ट ह्या दोघींचा. त्याला आम्ही "कोकणाचा ऱ्हास" म्हणून मोकळे होतो. पाटा-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला तेव्हाही हेच म्हटलं गेलं, चुलीच्या जागी गॅस आला तेव्हाही. "चुलीवरच्या भाकरीची चव" म्हणणाऱ्याने त्या चुलीपुढे जूनमध्ये ओली लाकडं फुंकून बघावीत. डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय ती चव येत नाही.

मला सारवलेलं खळं आवडत नाही असं अजिबात नाही. संध्याकाळी सारवलेल्या खळ्यावर अनवाणी चालण्यासारखं सुख नाही, आणि ब्लॉकवर एप्रिलच्या दुपारी पाय टेकवत नाही. आवड आहे म्हणूनच सांगते की त्या आवडीला मजुरी लागते. तारकर्ली-देवबागच्या बाजूला काही होमस्टेवाल्या बायका पर्यटकांसाठी मुद्दाम अंगण सारवून ठेवतात, चुलीवर घावणे करून घालतात. त्यांच्याबद्दल मला काडीची तक्रार नाही. तिथे सारवणाचे पैसे खोलीच्या भाड्यात धरलेले असतात. घरी मात्र तेच काम "आपलं घर आहे" ह्या खात्यावर फुकट.

ब्लॉकविरुद्ध एक आक्षेप मला मान्य आहे, पण तो मुंबईहून कुणी घेतला नाही. पाण्याचा. एवढा पाऊस पडून आमच्या कितीतरी वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते, कारण उताराची जमीन आणि खाली जांभा, पाणी धड थांबत नाही, समुद्राला जाऊन मिळतं. डिसेंबरात श्रमदानाने ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घालायचे आणि घरापुढे मात्र आधी काँक्रीटचा थर ओतून वर ब्लॉक बसवायचे, हे बरं नाही. घालायचेच तर खाली खडी-चुरी टाकून घाला, काँक्रीट नको. तुळशीभोवती आणि माडाच्या आळ्याभोवती माती मोकळी ठेवा. चिरे घालणं दिसायला सुंदर, पण पावसात त्यावर शेवाळ धरतं आणि म्हातारी माणसं घसरतात, तेही लक्षात घ्या. ठेकेदार हे सांगणार नाही, त्याला काँक्रीटचे पैसे मिळतात.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. मत कोणाचं आणि काम कोणाचं, ह्याची वाटणी.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. राज्याचा आकडा होता ९२९. इथे मुली जास्त जन्माला येतात असं कुणी समजू नये. पुरुष मुंबईला गेलेले असतात, बाया घरी राहतात, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ पेक्षा कमी झाली होती, तीही ह्याच कारणाने. हे काही आजचं नाही. कोकण मनीऑर्डरवर चालतं असं म्हणायचे, माझे सासरेही गिरणीत होते. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डर यायची थांबली तेव्हा सासूबाईंनी काजूच्या बिया, नारळ आणि दुसऱ्याच्या शेतातल्या लावणीवर घर ओढलं. त्या काळात भात कुठल्या कुणग्यात घालायचं, म्हैस विकायची की ठेवायची, मुलीची शाळा चालू ठेवायची की नाही, सगळं त्यांनीच ठरवलं. पुढे सगळं सुरळीत झालं, आणि ठरवायचं काम परत मुंबईला गेलं. हे सासूबाई तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. "तसाच होता तेव्हा," एवढंच म्हणतात. चिडते ती मी.

आता सातबारा काढा कुठल्याही जुन्या घराचा. सामाईक जमीन, आजोबा-पणजोबांपासूनची नावं, वारस लागत लागत पानं वाढलेली. आमच्या मूळ घराच्या उताऱ्यावर अशी माणसं आहेत ज्यांना मी एकदाही पाहिलेलं नाही, पण विहिरीला पंप बसवायचा म्हटलं तर त्यांची संमती लागते. त्या नावांत घर झाडणाऱ्या बायकांची नावं किती? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला, तरी हक्कसोडपत्रावर सह्या चालूच आहेत. भावाशी संबंध बिघडायला नकोत म्हणून सही करायची आणि बदल्यात दर मे महिन्यात माहेरची आंब्याची पेटी घ्यायची. पेटीही हल्ली दरवर्षी येतेच असं नाही.

ज्याचं नाव उताऱ्यावर, त्याला खळं मातीचं असावं की ब्लॉकचं ह्यावर मत असतं. जी वाकते तिला ते मत ऐकावं लागतं. भावजींवर माझा राग नाही. पंधरा बाय दहाच्या खोलीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोक्यात एक घर जपून ठेवलेलं असतं, तिथे आई सारवत असते, चुलीचा धूर कौलांतून वर जात असतो. ते घर जसंच्या तसं राहावं असं त्यांना वाटतं, हे मी समजू शकते. पण त्या घरात सारवणारी आई आता मी आहे. आणि मला संध्याकाळी बचत गटाचा हिशोब लिहायचा असतो.

एक गोष्ट मात्र कुणालाही आज करता येण्यासारखी आहे. ग्रामपंचायतीत घराच्या नोंदीचा नमुना ८ असतो, त्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. त्यासाठी ना कोर्ट लागतं, ना वकील. आम्ही गेल्या वर्षी अर्ज दिला. माझ्या नवऱ्याने काही खळखळ केली नाही, उलट "हे आधी का नाही सुचलं" म्हणाला. शेजारच्या दोघीजणींनी विचारलं तर त्यांच्या घरी "कशाला, काही भानगड आहे का?" असा प्रश्न आला. म्हणजे बायकोचं नाव लावायला भानगड लागते. चुलीवरची भाकरी वाचवायला जे घसा फोडतात, त्यांनी ह्यावरही दोन रडके चेहरे टाकावेत.

बचत गटावरून आठवलं. आमचा गट चतुर्थीला उकडीच्या मोदकांच्या आणि इतर वेळी तांदळाच्या भाकऱ्यांच्या ऑर्डरी घेतो. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा लोक म्हणाले, "मोदक विकत? देवाला?" आता चतुर्थीच्या आधीच ऑर्डरी बंद कराव्या लागतात. मला ह्यात सगळ्यात गमतीचं वाटतं ते हे, की घरी केलेला मोदक कसाही वळला तरी कुणी मोजत नव्हतं. विकायला लागल्यावर कळ्या मोजतात, नारळाचा भाव विचारतात, आणि करणारीच्या हातात संध्याकाळी नोटा असतात. एका ताईंनी त्या पैशातून गुडघ्याचा एक्स-रे काढला. जन्मभर उकिडवं बसून दुखावलेला गुडघा, इतकी वर्षं "वयोमानाने व्हायचंच" ह्यावर भागवलेला.

आणि गणपतीचे दिवस. पाच दिवसांचा गणपती दीड दिवसावर आणायचा का, ह्यावर कोकणातल्या घराघरांत जेवढं वाजतं तेवढं जमिनीवरूनही वाजत नसेल. माझं मत विचाराल तर मला पाच दिवस हवे आहेत. गणपतीवरची माटवी फळापानांनी सजलेली, त्यात रानातली कवंडळं लटकलेली, रात्री भजनाला बुवांचा आवाज चढतो, ते सोडून कुणी जावं? पण पाच दिवस दोन्ही वेळची पंगत, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे, भजनाच्या प्रत्येक मंडळाला उसळ-पाव आणि चहा, आणि रात्री दीडला भांडी. "परंपरा कमी करायची नाही" असं ठणकावून सांगणारा ज्या वेळी आरतीत टाळ वाजवत असतो, त्या वेळी मी आणि माझी जाऊ आत तेलापुढे असतो. जाऊ बिचारी मुंबईची, रात्रभराचा प्रवास करून आलेली, तिलाही सुटी नाही. गाडीतून उतरली की ओच्याला हात पुसत आत.

यंदा मूळ घरच्या गणपतीची पाळी आमची आहे. दिवस पाचच ठेवले आहेत. नैवेद्य आणि वडे घरी होतील. भजनाच्या मंडळींची उसळ गटाला सांगितली आहे, पैसे देऊन, आणि तो खर्च सगळ्यांच्या वर्गणीत घातला आहे. भांडी घासायला दोन बायका सांगितल्यात, त्यांची मजुरीही वर्गणीतच. हा हिशोब मी ग्रुपवर टाकला तेव्हा बराच वेळ शांतता होती. मग एका पुतण्याने अंगठा दाखवला, आणि भावजींनी लिहिलं, "घरच्या उसळीची मजा वेगळी असते." मी त्यांना उत्तर दिलं आहे की खरंच वेगळी असते, तेव्हा नारळ खवायला आणि वाटाणे निवडायला आदल्या दिवशीच्या गाडीने या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला तयार राहा.