पंखो ल्हान आसा

"पाण्यात बुडालेला पंखा आम्ही परत घेत नाही," दुकानदार म्हणाला. पंखा होडीच्या इंजिनाचा. तो पाण्यात न बुडवता बरोबर की चूक हे कळायचं कसं, असं मी विचारलं. "बादलीत फिरवून बघायचा." बादलीत काय असतं हे मी विचारेपर्यंत तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला नायलॉनची दोरी मोजून द्यायला लागला होता.

प्रकरण साधं. मालवणजवळच्या देवबागला पाहुणे फिरवायची आमची फायबरची होडी, तिला ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगायचं इंजिन. जुन्या पंख्याचं पातं खडपाला लागून वाकलं. त्याच्यावर आकडा होता ९ १/४ × ९. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे पाणी जराही न निसटता पंखा एका फेरीत जितका पुढे जाईल तेवढं अंतर. मी ९ मागितला. दुकानात ११ होता. "दोनाने मोठा देतो, भाव तोच," असं म्हणून त्याने मला वाढत्या अंगाचा पंखा दिला, वर उपकारही केले. मी तिथेच कुरकुरलो होतो, पण पाहुण्यांचं बुकिंग तोंडावर आलेलं आणि नऊचा पंखा कधी येईल विचारलं तर उत्तर "येईल".

आता तात्या. तात्यांची स्वतःची होडी नाही. धक्क्यावर उपड्या घातलेल्या एका पातीवर, म्हणजे लहान होडीवर, ते बसतात आणि गावातल्या एकूण एक इंजिनांचं निदान करतात. रोग कुठलाही असो, निदान ठरलेलं: "पंखो ल्हान आसा." धूर येतो? पंखो ल्हान आसा. किक लागत नाही? पंखो ल्हान आसा. एकदा कुणाची नांगराची दोरी तुटली तेव्हाही ते तोंड उघडत होते, पण नेमकी शिंक आली.

मी प्लगच्या वायरीवर वेढे देऊन छोटा टॅकोमीटर बसवला होता, इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या ते दाखवणारा. सहा माणसं घेतली, थ्रॉटल पूर्ण उघडला. आकडा ४,६०० वर अडला. इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ५,००० ते ६,००० लिहिलंय. धक्क्याला लागलो आणि तात्यांनी डोळे मिटूनच निकाल दिला.

"इंजिन किती मऊ चल्ता बघ! आता बरो पंखो गावलो."

"तात्यानू, ता मऊ चलत नाय, ता कण्हता. पाच हजार व्हये, चार हजार सहाशे येतत."

"कमी येतत ता बराच मा! जा बोंबलता ता इंजिन लवकर मरता."

"पण थ्रॉटल पूर्ण उघडलेलो आसा."

"मगे अर्धो उघड."

इथे खरी गोम आहे आणि ती मला आजवर कुणालाच पटवता आलेली नाही. अर्ध्या थ्रॉटलवर चार हजार फेऱ्या म्हणजे इंजिन मजेत आहे. पूर्ण थ्रॉटलवर जेमतेम साडेचार हजार म्हणजे हवा-पेट्रोल भरपूर येतंय, पण पंख्याने पाय धरून ठेवलेत. सिलिंडरात दाब वाढतो, उष्णता वाढते, बेअरिंगं झिजतात, काजळी साचते. नेहमीचं वजन घेऊन पूर्ण थ्रॉटलला इंजिन पुस्तकातल्या पट्ट्यात जायला हवं. तिथे पोचत नसेल तर पिच कमी करायचा. एका इंचाला साधारण दीडशे-दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो. सहा हजारांच्या पुढे पळत असेल तर उलट.

हे मी तात्यांना गणिताने सांगितलं. ४,६०० भागिले गिअरचा २.०८ (इंजिनाच्या एवढ्या फेऱ्यांना पंख्याची एक), म्हणजे पंख्याच्या मिनिटाला २,२०० फेऱ्या. गुणिले ११ इंच. झाले ताशी ३७ किलोमीटर. मोबाईलच्या जीपीएसवर १५.

तात्या गंभीर झाले. "मगे रवलेले बावीस खंय गेले?"

"पाणी ढवळण्यात."

"तुज्या दुकानदाराक इचार. पैसे सदतीसाचे घेतल्यान मा?"

धक्का हसला. माझे पाहुणेसुद्धा हसले, त्यातले एक पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "मीटर चुकत असेल." मीटर चुकतोच, पण चुकला तर दुप्पट किंवा निम्मा दाखवतो, कारण ठिणगी फेरीला एक की दोन फेऱ्यांना एक हे चुकीचं भरलेलं असतं. चारशेने चुकायला तो काही भाजीवाला नाही. हे ऐकायला थांबतोय कोण? लाइफ जॅकेट काढून मंडळी सोलकढीकडे गेली.

एक प्रश्न मला खरंच छळतो. मासेमारीवर आणि पर्यटनावर जगणाऱ्या किनाऱ्यावर एवढं महागाचं इंजिन घेताना "किती माणसं बसणार, होडी केवढी?" हे विक्रेता विचारत नाही. जो पंखा खोक्यात येईल तो लावायचा. मग दोन हंगामांत इंजिन बसलं की दोष खाऱ्या हवेचा.

शेवटी नऊचा आला, शंभर रुपयांनी महाग होऊन. बसवला, तेवढ्याच माणसांना ५,०००. तात्या म्हणाले, "आता बोंबलता." आणि अकराचा पंखा त्यांनी पुतण्यासाठी मागितला. पुतण्याकडे इंजिन हेच, पण तो हलक्या पातीतून एकटाच जातो, त्यामुळे ते सहा हजारांच्या वर जाऊन लिमिटरवर, म्हणजे जादा फेऱ्या रोखणाऱ्या कळीवर, अडखळायचं. अकरा बसवल्यावर ५,७०० वर स्थिरावलं. ज्याला जो पिच हवा तो मिळाला, हे शास्त्र. धक्क्यावर मात्र सगळे म्हणतात, तात्या आधीच सांगत होते, पंखो ल्हान आसा म्हणून. अकराचे निम्मे पैसे ठरलेत. पुतण्या नारळी पौर्णिमेनंतर देईन म्हणालाय, कुठल्या वर्षीच्या ते बोललेला नाही.