‘कुत्री आपसांत मिटवतात’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. डॉग पार्कात, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायच्या कुंपणाच्या मैदानात, मालकाने कुत्र्यावरची नजर काढू नये आणि भित्र्या कुत्र्याला गर्दीच्या वेळी आत नेऊ नये, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की कुत्रा हा कळपातला प्राणी. कुत्री आपसांतलं आपसांत मिटवतात, माणूस मध्ये पडला की बिघडतात. भीतीही चारचौघांत सोडल्यानेच जाते आणि मी वाचणाऱ्यांना उगाच घाबरवते. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या अडीच महिन्यांच्या पिल्लाला तुम्ही याच आठवड्यात पार्कात नेणार आहात. त्या शेवटच्या वाक्यामुळे हे उत्तर लांबतंय.

कुत्री एकमेकांशी फार नेमकं बोलतात, हे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करणं, म्हणजे खेळाचं बोलावणं. मार्क बेकॉफ या अभ्यासकाने दाखवलं की गैरसमज होईल अशा जोरदार चाव्याच्या आगेमागे कुत्री हीच खूण पुन्हा करतात, म्हणजे ‘हे खेळातलंच आहे’. मोठा कुत्रा मुद्दाम आडवा पडून लहानग्याला अंगावर चढू देतो. असं चाललेलं असताना मीही मध्ये पडत नाही. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला रागावणं तर मला अजिबात पटत नाही. गुरगुर ही सूचना आहे. ती दाबून टाकली, तर तो पुढच्या वेळी सूचना न देता चावायला शिकू शकतो.

पण कळपाचा मुद्दा पार्काला लागू होत नाही. ‘वरचढ कोण ते कळपात लढून ठरतं’ ही समजूत बरीचशी आली ती रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७च्या लांडग्यांच्या अभ्यासातून. ते लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं, हे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९मध्ये स्पष्टपणे मांडलं. तिथे वरचढपणासाठी रोजच्या मारामाऱ्या होत नाहीत. आता पार्क बघा. एकमेकांना न ओळखणारी कुत्री आणि चारी बाजूंनी कुंपण. ही परिस्थिती रानातल्या कुटुंबापेक्षा त्या कोंडलेल्या लांडग्यांच्या जास्त जवळची आहे.

मोकळ्या जागी नकोसं वाटलं की कुत्रा सरळ लांब जातो. कुत्र्यांचं बरंचसं ‘मिटवणं’ म्हणजे हे अंतरच. कुंपण ते काढून घेतं. मग ज्याला आपण मिटलं म्हणतो त्यात पुष्कळदा एकाने हार मानलेली असते. दांडगाई करणारा शिकतो की दांडगाई चालते. दुसरा शिकतो की कुत्री म्हणजे धोका आणि माझा माणूस मदतीला येत नाही. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे दुसरं. म्हणून मी जी ‘लुडबुड’ करते ती एवढीच: पाठलाग करणाऱ्याला क्षणभर धरून ठेवते. पळणारा परत त्याच्याकडे आला, तर खेळ होता, सोडून देते. तो फाटकाकडे गेला किंवा मालकाच्या पायांमागे लपला, तर खेळ संपला होता. आकारात फार फरक असेल तर मी इतकंही थांबत नाही, कारण किंचाळत पळणारं लहान कुत्रं मोठ्याला अचानक शिकार वाटू शकतं.

‘शेपूट हलवत आला म्हणजे मैत्रीनेच आला’ असंही तुम्ही लिहिलंय. इटलीतल्या संशोधकांनी २००७मध्ये दाखवलं की मालक दिसला की कुत्र्याची शेपूट उजवीकडे जास्त झुकते आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. मैदानात उभं राहून हे मोजता येत नाही, पण शेपूट दोन्ही भावनांत हलते एवढं त्यातून नक्की कळतं. मी आधी बाकीचं अंग बघते. ते सैल असेल तर ठीक. शेपूट ताठ उभी, तोंड मिटलेलं आणि नजर खिळलेली असेल, तर मी माझ्या कुत्रीला हाक मारून बाजूला घेते.

भीतीचं म्हणाल, तर पळायला जागा नसलेला घाबरलेला कुत्रा पुष्कळदा गप्प उभा राहतो आणि लोक म्हणतात, बघा, शांत झाला. तो ओठ चाटतोय का, झोप नसताना जांभया देतोय का, मान वळवतोय का, ते बघा. अशा कुत्र्याला कुंपणाच्या बाहेर, तो हातातला खाऊ निवांत खाईल इतक्या लांब बसवा आणि आतली कुत्री नुसती बघू द्या. हे अंतर त्याच्या कलाने हळूहळू कमी करा. (खाऊ बाहेरच. आत खाऊ किंवा आवडता बॉल नेला की भांडणाला निमित्त मिळतं.)

आता तुमचं पिल्लू. त्याला लवकर जग दाखवायची तुमची घाई योग्य आहे. साधारण ३ ते १४ आठवडे हा पिल्लाच्या मनाचा सगळ्यात मोकळा काळ असतो. अडचण लसींची आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून १६ आठवड्यांपर्यंत किंवा त्यानंतरही डोस पुन्हा द्यावे लागतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, बुटांवरून घरात येतो आणि हाताला लावायच्या साध्या अल्कोहोल सॅनिटायझरने तो मरेल असा भरवसा धरता येत नाही. एक आजारी कुत्रा पार्कात येऊन गेला असला तरी पुरे.

म्हणून याच आठवड्यात त्याला बाहेर न्या, पण कडेवर. माणसं, गाड्या, सायकली, छत्र्या, मुलांचा गलका सगळं दाखवा. लसी पूर्ण झालेला, पिल्लांशी सबुरीने वागणारा ओळखीचा मोठा कुत्रा असेल, तर त्याला घरी बोलवा. तुमच्या डॉक्टरांनी शेवटच्या डोसनंतर होकार दिला की मग पार्क. पहिल्यांदा दोन-तीनच कुत्री असतील अशी वेळ निवडा, दोन फाटकांमधल्या जागेत पट्ट्याची दोरी सोडा आणि पिल्लू दमायच्या आधी निघा. कुठल्या वेळी जाता ते कळवलंत तर मी माझ्या कुत्रीला घेऊन येईन. ती पिल्लांशी फार छान वागते.