बिल्ड-इसेन्शियल टाकलं, तरी ‘फ्लेक्स: नॉट फाउंड’ येतंच

लिनक्सवर सोर्समधून, म्हणजे मूळ कोडवरून, काही बिल्ड करायला बसलेल्या नवख्याला हमखास मिळणारा एक सल्ला आहे. बरीच वर्षं तो हातोहात फिरतोय. थोडक्यात असा: ‘कमांड नॉट फाउंड’ आलं की बिल्ड-इसेन्शियल नावाचं पॅकेज टाका, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर जी कमांड सापडत नाही त्याच नावाचं पॅकेज टाका. आवृत्ती जुळत नसेल तर सिमलिंक मारा, म्हणजे असलेल्या फायलीलाच हव्या त्या नावाचा दुवा द्या. आणि तरीही अडलं तर कमांडच्या पुढे सुडो लावा, म्हणजे ती रूटच्या, मशीनच्या प्रशासकाच्या, अधिकाराने चालवा.

चारही उपाय एरर मेसेजमधल्या नावाकडे बघतात. ती कमांड मागितली कोणी, हे एकही विचारत नाही.

बिल्ड-इसेन्शियलपासून सुरुवात करू. डेबियन-उबुंटूच्या या पॅकेजातून जीसीसी (सीचा कंपायलर), जी++ (सी++चा कंपायलर), मेक (बिल्डच्या पायऱ्या चालवणारं अवजार), सी लायब्ररीच्या हेडर फायली आणि डीपीकेजी-डेव्ह येतात. नव्या मशीनवर ‘मेक’च सापडत नसेल तर हा उपाय अगदी बरोबर, त्यात वाद नाही. पण ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग, सीमेक, बायसन, फ्लेक्स या बिल्डला लागणाऱ्या इतर अवजारांपैकी एकही त्यात येत नाही. पडताळून बघायचं असेल तर ताज्या उबुंटूवर फक्त बिल्ड-इसेन्शियल टाका, लिनक्स कर्नलचा सोर्स उघडा आणि ‘मेक डेफकॉन्फिग’ द्या. लगेच ‘फ्लेक्स: नॉट फाउंड’ आणि खाली ‘एरर १२७’, म्हणजे कमांड सापडली नाही याचा कोड. फ्लेक्स दिलंत की बायसन मागेल, ते दिलंत की पुढे कधीतरी बीसी हा कॅल्क्युलेटर. २०१८ मध्ये आलेल्या ४.१६ या आवृत्तीपासून कर्नलला फ्लेक्स आणि बायसन बिल्डच्या वेळी लागतात. त्याआधी त्यांनी तयार केलेल्या फायली सोर्सबरोबरच यायच्या. काय काय लागतं याची यादी कर्नलच्याच डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये, ‘प्रोसेस’खालच्या ‘चेंजेस’ फायलीत आहे. दर पाच मिनिटांनी ठेच खाण्यापेक्षा ती एकदा वाचलेली बरी. आणि जे बिल्ड करताय ते डिस्ट्रोच्या रेपोत, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यातही असेल, तर ‘एपीटी बिल्ड-डेप’ सगळी अवजारं एकदम आणतं. फक्त सोर्स रेपोच्या, म्हणजे ‘डेब-एसआरसी’च्या ओळी चालू असायला हव्यात.

‘त्याच नावाचं पॅकेज’ हे कधीकधी जमतं, म्हणूनच जास्त फसवं आहे. ऑटोरीकॉन्फ ऑटोकॉन्फमध्ये असतं, एक्लोकल ऑटोमेकमध्ये, मेकइन्फो टेक्सइन्फोमध्ये, एमएसजीएफएमटी गेटटेक्स्टमध्ये. डेबियनवर तर लिबटूल नावाचं पॅकेज टाकूनही लिबटूल नावाची कमांड मिळत नाही. ती ‘लिबटूल-बिन’मध्ये आहे! अंदाज बांधण्यापेक्षा विचारावं: डेबियनवर ‘एपीटी-फाइल सर्च’, फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’, आर्चवर ‘पॅकमन -एफ’.

त्याहून चकवा देणारी गोष्ट म्हणजे मेसेजमधलं नाव हवं असलेलं अवजार असेलच असं नाही. ‘सीसी१प्लस’ सापडत नाही म्हणून त्या नावाचं पॅकेज शोधत बसणारे मी पाहिलेत. जीसीसी असतं, जी++ नसतं, एवढाच त्याचा अर्थ. ‘यॅक: कमांड नॉट फाउंड’ची कथा अशीच. ऑटोकॉन्फ बनवतं त्या कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे बिल्डआधी मशीनवर काय काय आहे ते बघणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, यॅकची एक नेहमीची तपासणी असते. ती आधी बायसन शोधते, मग त्याच जातीचं बीवायॅक. दोन्ही नसतील तर गप्प बसून मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक वाचतं त्या फायलीत, ‘यॅक’ हे नाव लिहून मोकळी होते. प्रोजेक्टला बायसनच हवं असतं, मेसेज यॅकच्या नावाने बोंबलतो, आणि तुम्ही बीवायॅक टाकून वेगळ्याच एररला आमंत्रण देता.

आता सिमलिंक. ‘एक्लोकल-१.१५ इज मिसिंग ऑन युअर सिस्टिम’ हा मेसेज अनेकांच्या ओळखीचा असेल. मशीनवर १.१६ आहे, मग १.१६ लाच १.१५ नाव देऊन टाकू, असा हा उपाय. मुळात एक्लोकल चालायची गरजच का पडली? रिलीजच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठा-फायलीत) कॉन्फिगर स्क्रिप्ट आधीच तयार असते, नुसतं बिल्ड करणाऱ्याला ऑटोमेक लागू नये म्हणूनच. पण मेक फायलींच्या वेळा बघतं. टारबॉल ‘सीपी -आर’ने कॉपी केला, किंवा तयार फायली गिटमध्येच ठेवलेल्या असतील आणि तुम्ही क्लोन केलं, तर मूळ वेळा टिकत नाहीत. ‘कॉन्फिगर डॉट एसी’ ही मूळ फाइल तिच्यापासून बनलेल्या तयार फायलीपेक्षा सेकंदभराने जरी नवी दिसली, तरी मेकला वाटतं कोणीतरी ती बदलली. मग ते मूळ लेखकाच्या मशीनवर होतं नेमकं तेच एक्लोकल मागतं. हरवलेली असते फायलींची वेळ, कमांड नव्हे. म्हणून टारबॉल पुन्हा सोडवा, कॉपीला ‘सीपी -ए’ वापरा. गिटची प्रत असेल तर आधी ‘एक्लोकल डॉट एमफोर’ला टच करा (तिची वेळ आताची करा), त्यानंतर कॉन्फिगर आणि ‘मेकफाइल डॉट इन’ फायलींना. कॉन्फिगर डॉट एसी खरोखर तुम्हीच बदलली असेल, तर ऑटोमेक टाकून ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ चालवा. सिमलिंकने एखादवेळी काम भागतं, पण मग १.१५ ने बनवलेल्या आणि १.१६ ने बनवलेल्या फायलींची खिचडी होते, आणि पुढची एरर आली की ती कशामुळे आली हे कळायला मार्ग राहत नाही.

सुडोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तो बऱ्याचदा हीच एरर निर्माण करतो. डेबियन आणि उबुंटूवर सुडो तुमचा पाथ (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) बाजूला ठेवून स्वतःचा सुरक्षित पाथ घेतो. होम फोल्डरमध्ये बसवलेलं कार्गो (रस्ट भाषेचं बिल्ड अवजार) साध्या ‘मेक’ला सापडतं, ‘सुडो मेक’ला नाही. शिवाय बिल्ड फोल्डरमध्ये रूटच्या मालकीच्या फायली पडतात आणि पुढच्या साध्या मेकला ‘परमिशन डिनाइड’ येतं. सुडो लागलाच तर फक्त इन्स्टॉलच्या पायरीला.

मग मागणारा शोधायचा कसा? शेवटची ओळ सोडा, पहिल्या ‘एरर १२७’ पर्यंत वर जा. आठ-आठ कामं एकदम चालू असतील तर ओळी एकमेकींत मिसळतात, म्हणून ‘मेक -जे१ व्ही=१’ देऊन पुन्हा चालवा; ‘जे१’मुळे एका वेळी एकच काम चालतं आणि ‘व्ही=१’मुळे ऑटोमेकच्या प्रोजेक्टात आणि कर्नलमध्ये प्रत्यक्ष चाललेली पूर्ण कमांड दिसते. अवजार बसवल्यावर नुसतं मेक पुन्हा देऊन थांबू नका, कॉन्फिगरही पुन्हा चालवा. आधीच्या तपासणीत न सापडलेल्या अवजाराचं उत्तर मेकफाइलमध्ये लिहिलेलं असतं, आणि ते आपोआप बदलत नाही.