आधी आईचं पासबुक भरून द्या!

आज बँकेतून चौथा फोन. "सर, खास धातूचं क्रेडिट कार्ड, फक्त निवडक ग्राहकांसाठी!" अहो, मला निवडलं कुणी? मी अर्ज केला होता का? वर्षाची फी दहा हजार, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. कशासाठी? कार्ड दाखवून पुण्यात लोहगावच्या विमानतळावर लाउंजमध्ये, म्हणजे आरामकक्षात, बसायला? गोल्फ खेळायला? आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात गोल्फ कोण खेळतं?

याच शाखेत परवा माझी ७८ वर्षांची आई पासबुक भरायला पाऊण तास ताटकळत उभी होती. मशीन बंद, बसायला खुर्ची नाही. आणि काचेपलीकडे 'विशेष' ग्राहकांना सोफा, गार पाणी, नावानिशी स्वागत! तिची पेन्शन म्हणजे पैसे नाहीत का? चीड येते नुसती.

रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच बजावलंय, संमतीशिवाय कार्ड द्यायचं नाही. दिलं आणि बिल लावलं, तर ते रद्द करा, वर त्याच्या दुप्पट दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा. मग "सर, कार्ड मंजूर झालंय, फक्त पत्ता सांगा" हे काय आहे? नाही सांगत पत्ता! परत फोन आला तर लेखी तक्रारच करणार.