गरीबपूरच्या रणगाड्यांबद्दल खुलासा

डिसेंबर जवळ आला की दादर-परळच्या सोसायटी ग्रुपांवर तोच फॉरवर्ड फिरतो, 1971 ला गरीबपूरला (तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आताच्या बांगलादेशात) आपले रणगाडे एवढे अवजड आणि जाड चिलखताचे होते की पाकिस्तानी गोळे आपटून परत जायचे. साफ चुकीचं आहे हे.

तिथे आपल्या 45 कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे पीटी-76 हे हलके रणगाडे होते, रशियन बनावटीचे, वजन जेमतेम 14 टन आणि चिलखत सगळ्यात जाड जागीही 20 मिमीच्या आसपास, कारण गाडी पाण्यावर तरंगायला हवी ना! अशी गाडी नदीत घालायची तर पुढची फळी उभी करा, पंप चालू करा, मागच्या वॉटरजेटवर (पाणी मागे फेकून गाडी पुढे ढकलणाऱ्या यंत्रावर) या, सगळं हाताला बसलेलं लागतं. शिवाय आत तिघंच, कमांडरच तोफ पण डागणार, म्हणजे सरावाशिवाय कामच नाही. समोरचे पाकिस्तानी चॅफी रणगाडेही हलकेच, पण पीटी-76 काही अभेद्य नव्हते, तिथल्या स्क्वाड्रनचे (रणगाड्यांच्या तुकडीचे) प्रमुख मेजर दलजितसिंग नारग 21 नोव्हेंबरला त्याच लढाईत शहीद झाले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. गोळे आपटून परत गेले म्हटलं की त्यांनी काय जोखीम घेतली तेच पुसलं जातं राव.

आणि हो, अधिकृत युद्ध सुरू झालं 3 डिसेंबरला, ही लढाई त्याच्या आधीची.