कोलंबी बंद, वाटप चालू!

रिपोर्टात कोलेस्टेरॉल वाढलेलं दिसलं की आपल्या कोकणातल्या घरांत पहिली कुऱ्हाड कोलंबीवर पडते आणि दुसरी अंड्याच्या बलकावर. कालवणातलं ओल्या खोबऱ्याचं वाटप, चहातलं म्हशीचं दूध आणि त्या चहात बुडणारी खारी यांना मात्र कोणी हात लावत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं. खाण्यातून गेलेल्या कोलेस्टेरॉलने बहुतेकांचं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, थोडंच हलतं. ते जास्त हलतं संपृक्त चरबीने, म्हणजे पाकिटावर 'सॅच्युरेटेड फॅट' लिहिलेलं असतं त्याने. रक्तातलं एलडीएल उचलून घ्यायचं कामही यकृतच करतं, आणि संपृक्त चरबी वाढली की ही उचल मंदावते. 100 ग्रॅम कोलंबीत दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं हे खरं, पण संपृक्त चरबी अगदी नाममात्र. खोबरेलाच्या बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेलं असतं तेही खरंच आहे, कारण कुठल्याच वनस्पती तेलात ते नसल्यात जमा असतं. पण त्याच बाटलीतल्या तेलात 80 टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी असते, हे मोठ्या अक्षरात कोण छापेल?

आता ताटाचा हिशोब करू. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याने संपृक्त चरबी 22 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि एलडीएल आधीच वाढलेलं असेल तर 13 ग्रॅमच्या आसपास. चार माणसांच्या कालवणाला अर्धा नारळ घेतला तर साधारण 150 ग्रॅम ओलं खोबरं होतं. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात जवळपास 30 ग्रॅम संपृक्त चरबी असते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कालवणातूनच 11 ग्रॅम आली. फोडणीला खोबरेल वापरत असाल तर तीन चहाचे चमचे तेलात आणखी 11-12 ग्रॅम, चौघांत वाटले तर माणशी तीनेक. वर पेलाभर सोलकढी, बाजूला खोबरं पेरलेली भाजी. म्हणजे एकाच जेवणात नारळ चार वाटांनी आला, आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचंच आहे.

नारळाशी वैर करा असं मी म्हणत नाही. भाजीवरच्या चमचाभर ओल्या खोबऱ्यात तंतूही असतात, त्याला खोबरेलाच्या पंक्तीला बसवू नये. सोलकढीचं गणित मात्र वेगळं. रस पिळताना तंतू चोथ्यात राहतात आणि चरबी रसाबरोबर पेल्यात उतरते. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: एका जेवणात नारळ एकाच पदार्थात. वाटपाचं कालवण असेल तर सोबत फुटी कढी करा. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), पाणी, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची, हिंग, कोथिंबीर, मीठ, एवढंच. नारळाचा थेंब नको. आगळात मीठ असतं, म्हणून वरचं मीठ चाखून घाला. सोलकढीच प्यायची असेल तर त्या दिवशी बांगड्याचं तिखलं करा, तिरफळ घालून. त्याला वाटप लागतच नाही. आणि वाटपाचं कालवण हवंच असेल तर खोबरं निम्मं करून भाजलेला कांदा वाढवा. दाटपणा कांद्याने येतो.

बांगडा, तारली, पेडवे नेमाने खावेत. त्यांतल्या ओमेगा-3 या चरबीने ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, उतरायला मदत होते. एलडीएल उतरेल ही अपेक्षा ठेवू नका. बिघडतं ते तळताना. तवा नीट तापायच्या आधी मासा टाकला की रव्याचं आवरण तेल पीत बसतं. तवा तापू द्या, दोन चमचे तेल पुरे, आणि उरलेलं काळपट तेल दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला ठेवू नका.

दुधाकडे तर कोणाचं लक्षच नसतं. म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्के चरबी, त्यातली निम्म्याहून जास्त संपृक्त. दिवसाला तीन कप दुधाळ चहा घेतला की 9-10 ग्रॅम तिथेच गेले. त्यात वनस्पती तुपातली किंवा पामतेलातली खारी बुडवली की उरलेला कोटाही संपतो. दूध तापवून गार करा, साय काढा, आणि खारीच्या जागी मूठभर भाजलेले चणे घ्या. काजूही चालतील, पण 25-30 ग्रॅम, तळलेले-खारवलेले नकोत.

"आमचे आजोबा रोज नारळ खाऊन नव्वदी गाठून गेले", हे वाक्य दर चर्चेत येतंच. आजोबा भातलावणी करत, डोंगर चढत, आणि त्यांच्या घरी खारीचे पुडे येत नव्हते. शिवाय ज्यांचे आजोबा पन्नाशीत छातीत कळ येऊन गेले, ते काही ही गोष्ट सांगायला येत नाहीत.

एलडीएल कमी करायला मदत करणारं धान्यही घरातच आहे. कुळीथ, चवळी, मटकी यांतले विरघळणारे तंतू आतड्यातलं पित्त बाहेर नेतात आणि नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. पण कुळथाची पिठी आठवड्यातून एकदा खाऊन काही होत नाही, रोज एक वाटी कडधान्य हवं. ट्रायग्लिसराइड वाढलं असेल तर तेलापेक्षा भाताचा ढीग, साखरेचं कोकम सरबत आणि दारू यांच्याकडे आधी बघा. गणपतीतल्या मोदकांना बोल लावू नका, बाकीचे दिवस सांभाळा.

बदल केल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये आणि दोन्ही वेळी उपाशीपोटी. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर सूत्राने, म्हणजे इतर आकड्यांवरून हिशोब करून काढलेला एलडीएलचा आकडा धरू नका, थेट मोजायला सांगा. चालू असलेली गोळी आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने थांबवायची नाही, कारण बहुतेक वेळा तो गोळीनेच उतरलेला असतो. आणि एलडीएल 190 किंवा त्याहून वर असेल तर कारण रक्ताच्या नात्यातून आलेलं असू शकतं. तिथे फुटी कढी आणि कुळीथ पुरे पडत नाहीत. डॉक्टर गाठा, आणि भावंडांची व मुलांची तपासणी कधी करायची तेही त्यांनाच विचारा.