बंद कॉम्प्युटरचे ‘पाच रामबाण उपाय’: हा मेसेज कृपया पुढे ढकलू नका

‘कॉम्प्युटर चालू होईना? दुकानात पाच हजार घालवू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. मी दुर्लक्ष केलं होतं. पण परवा पूर्व भागात राहणाऱ्या मावसभावाचा फोन आला, ‘दादा, सप्लायच्या डब्यातला मोठा कंडेन्सर म्हणजे तो काळा गोल ना? स्क्रूड्रायव्हर लावू का?’ टॉवेलच्या धंद्याचा सगळा हिशोब त्याच कॉम्प्युटरवर, आणि स्क्रूड्रायव्हर हातात तयार. तेव्हा आता लिहितोच.

मेसेजातले उपाय असे: एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा सप्लायचा डबा) उघडून कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा भाग, शॉर्ट करा, म्हणजे साचलेला करंट निघून जातो. मदरबोर्डचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डचा) सेल काढून ठेवा. रॅम (मेमरीची पट्टी) खोडरबरने घासा. हार्डडिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. आणि बिघाडाची निळी स्क्रीन आली तर विंडोज खलास, थेट फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाका.

पहिला उपाय जीवावर बेतणारा आहे. घरात येते ती २३० व्होल्ट एसी. एसएमपीएसमध्ये तिची डीसी होते आणि त्या मोठ्या कंडेन्सरवर साधारण ३२५ व्होल्ट साठतात. प्लग काढला की ते लगेच शून्यावर येतात असं नाही. सप्लाय धड असेल तर पुढचं सर्किट हा साठा वापरून टाकतं. सप्लाय बिघडलेला असेल तर तो बराच वेळ तसाच राहू शकतो. म्हणजे माणूस डबा उघडायला जातो नेमका तेव्हाच धोका जास्त. तिथं स्क्रूड्रायव्हर टेकवला तर ठिणगी उडते, धातूचा तापलेला कण डोळ्यात जाऊ शकतो, आणि हात घसरला तर झटका ठरलेला. मदरबोर्डवर थोडा चार्ज राहून मशीन अडकतं, एवढंच यातलं खरं. त्यासाठी प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटन पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, मग पुन्हा प्लग लावून बघा. एसएमपीएसच्या डब्याचा एकही स्क्रू काढायचं कारण नाही.

फॉरमॅटच्या सल्ल्यानं जीव जात नाही, पण सर्वांत जास्त लोकांचं नुकसान यानंच होतं. निळी स्क्रीन म्हणजे विंडोज खलास, हे कुणी ठरवलं? १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. हा अंदाज खुद्द मायक्रोसॉफ्टचा. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. उपाय काय निघाला? मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरत्या प्रोग्रॅमवर, सुरू करा, ती एक सदोष फाइल उडवा, रीस्टार्ट करा. लोकांच्या फाइली जागच्या जागी होत्या. त्या दिवशी या मेसेजचं ऐकून फॉरमॅट मारणाऱ्यानं आपला डेटा स्वतःच्या हातानं घालवला असता.

विंडोज लागोपाठ दोनदा सुरू व्हायला चुकलं की बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्तीचा स्क्रीन पुढे करतं. त्यात स्टार्टअप रिपेअर आहे, सेफ मोड आहे, शेवटचं अपडेट काढून टाकायची सोय आहे, सिस्टिम रिस्टोअर आहे. यातलं काहीही तुमच्या फोटोंना, हिशोबाला हात लावत नाही. तेही चाललं नाही तर डिस्क काढून यूएसबी कन्व्हर्टरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि आधी डेटा उतरवून घ्या. फॉरमॅट त्यानंतर. ‘सी ड्राइव्हच फॉरमॅट होतो, काही जात नाही’ असं दुकानातही सांगतात. अहो, डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही फोल्डरं, तुम्ही मुद्दाम हलवली नसतील तर, सी ड्राइव्हमध्येच असतात!

फ्रीजरवाला उपाय फार जुन्या, अडकून बसलेल्या डिस्कवर कुणी कुणी शेवटचा जुगार म्हणून करायचे. गार डिस्क सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर काढली की माठातल्या पाण्याच्या तांब्यासारखा तिला घाम सुटतो. बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यामुळे ओल आतही धरू शकते. आणि आतलं हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, फिरत्या प्लेटपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, तेव्हा थोडी ओलही घातक. डिस्क खटखट वाजत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

रॅमचं मात्र थोडं खरं आहे, कबूल करावं लागेल. रॅम नीट बसलेली नसली की पंखा फिरतो, स्क्रीन काळी राहते, कधी बीप वाजतात. पण गुण बहुतेकदा खोडरबराचा नसतो, काढून परत बसवण्याचा असतो. प्लग काढा, रॅम सरळ दाबा, क्लिप बसल्याचा आवाज ऐका. पट्टीवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, तेव्हा घासायचंच तर हलक्या हातानं. पॉलिश पेपर अजिबात नको.

मदरबोर्डचा सेल तीन व्होल्टचा, सीआर २०३२. तो उतरला की तारीख-वेळ चुकते आणि बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं) सेटिंग पुसलं जातं, त्यामुळे क्वचित विंडोज अडतं. नवा बसवा, पण बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असलेल्या मशीनवर आधी ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का ते बघा. बायोस पुसल्यावर विंडोज ती मागू शकतं.

आणि ज्या कारणानं आपल्या भागातली मशीनं खरोखर बंद पडतात त्याचा या मेसेजमध्ये उल्लेखही नाही. घरात किंवा शेजारी माग असेल तर प्रोसेसरचा पंखा उचलून बघा. खाली हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर सुताच्या तंतूंचा करडा थर बसलेला असतो, चिमटीत धरला तर एका तुकड्यात निघतो. त्यातून हवा जात नाही, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. चालू होऊन दोन-चार मिनिटांत बंद पडत असेल तर पहिला संशय यावर घ्या. प्लग काढून मऊ ब्रशनं थर सोडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरून खराब होतो. मावसभावाच्या मशीनचं दुखणं हेच निघालं.